विहारातलं नवं पुस्तक

१९९९ साली महेंद्र अमेरिकेहून दहिवडीला आला, तो पुस्तकं वाचायची दोन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊनच. त्यातलं एक त्याला बुद्धविहारातल्या वाचनालयाला भेट द्यायचं होतं. पण वाचनालय चालवायची त्याची आत्या, आक्काताई, आणि तिच्या पसंतीशिवाय तिथं वर्तमानपत्रसुद्धा आत येत नसे.

बाजारात शेळी पारखावी तशी आत्यानं दोन्ही यंत्रं उलटीपालटी करून पाहिली. हलकं कुठलं, डोळ्यांना सोसतं कुठलं, वीज गेल्यावर टिकतं कुठलं, सगळं विचारलं. मराठी दोघांनाही येत नव्हतं. "शिकतील की," म्हणत तिनं तेही पोटात घातलं.

"आवं आत्या, हे काळं घ्या," महेंद्र म्हणाला. "लय भारी हाय. पुस्तक ज्याच्या नावावर, त्यालाच वाचता येतं. दुसऱ्यापुढं उघडतच न्हाई."

"आन् दुसरं?"

"त्यालाबी कुलूप हाय, पण एवढं पक्कं न्हाई."

आत्यानं दोन्ही यंत्रं उचलून त्याच्या पिशवीत परत ठेवली.

"दुसऱ्यानं वाचायचंच न्हाई, असली पुस्तकं आपल्या आज्या-पणज्यांनी लय सोसली, महेंद्र; ह्या विहारात तसलं एकबी शिरणार न्हाई."