कव्हरवरची डावखुरी

"मान जरा खाली घे तिची," विष्णुपंत म्हणाले. "प्रणोती इतकी ताठ नाही बसत."

यशश्रीने माउस हलवला. पडद्यावर तिलवाऱ्याचा पूल, खाली नर्मदा, घाटावर पेटी वाजवणारे एकतीस वर्षांपूर्वीचे विष्णुपंत आणि शेजारी तंबोरा घेतलेली त्यांची धाकटी बहीण कुंदा. कुंदाच्या मानेवर आता विष्णुपंतांच्या सुनेचा चेहरा बसत होता. प्रणोतीला गाता येत नसे. पण कव्हरवर गावं लागत नाही.

दोघा भावंडांची भजनांची जुनी कॅसेट इंटरनेटवर नव्याने यायची होती. भजनं तीच, आवाज तेच. फक्त यंदा कुंदा विष्णुपंतांच्या नव्हे, दुसऱ्या मंडळाच्या गणपतीत गायली होती.

सराफ्यातल्या यशश्रीच्या फोटो-डिझाइनच्या दुकानाचं दार ढकलून कुंदाच आत आली. कॅसेटवरून घेतलेलं चित्र धूसर येत होतं आणि मूळ फोटो तिच्याकडे होता. कोणाच्या तरी हाती पाठवून द्या, एवढंच यशश्रीने फोनवर सांगितलं होतं. कुंदा स्वतः आली. ठेवणीतली साडी, एका हातात फोटोचं पाकीट, दुसऱ्यात खोव्याच्या जिलेबीचा डबा.

तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"साडी माझी आहे," ती म्हणाली.

"यशश्री, साडीचा रंग बदल."

साडी हिरवी झाली.

"मग आवाज काहून ठेवला, दादा? तोही काढ ना."

"आवाज कोणाला दिसतो?" विष्णुपंत म्हणाले. "त्यांच्या मंडपात गाताना भाऊ नाही आठवला?"

"तुझ्या मंडपात मला बोलावलं होतं काय?"

"दीदी, पानी मँगवाऊँ?" यशश्रीने विचारून पाहिलं. पाणी कोणालाच नको होतं.

"आणि हा हात?" कुंदा म्हणाली.

तंबोऱ्याच्या तारांवर डावा हात होता. जबलपुरातल्या मराठी घरांत डाव्या हाताने तंबोरा छेडणारी बाई एकच. चेहरा कोणाचाही लावला, तरी लोक तिला ओळखणार होते.

विष्णुपंत पडद्याजवळ वाकले.

"फोटो उलटा कर. आरशासारखा."

"सर, पूरा पलटेगा. म्हणजे तुम्ही पण."

"कर म्हटलं ना!"

पूल या टोकाचा त्या टोकाला गेला. तंबोऱ्यावर उजवा हात आला. पेटीच्या पट्ट्यांवर विष्णुपंतांचा डावा.

"चलो. आता बरं दिसून राहिलं," विष्णुपंत म्हणाले. ते फक्त तंबोऱ्याकडे बघत होते.

"लहानपणी ह्याच हातावर फूटपट्टी मारून मारून दमलास तू," कुंदा म्हणाली. "डाव्या हाताने दिलेला प्रसाद अजून घेत नाहीस. ह्या पोरीने बघ, एका क्लिकमध्ये मला उजवी केली."

फोटोचं पाकीट तिने पर्समध्ये परत ठेवलं. डबा उघडला. डाव्या हाताने एक जिलेबी उचलून भावाच्या पुढे धरली.

"घे. कोणत्या हाताने घ्यायची, ते स्क्रीनवर बघून घे."