रत्नमालाचं दार

ग्यानबानं प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि अनवाणी आत निघाला. पोरगी जिथं शिकली तिथं चपला घालून जायचं? छे! माणसानं काही रीतभात पाळावी की नाही?

दारावर अंजू उभी होती, त्याच्या रत्नमालाची मैत्रीण, तिच्याच वर्गातली. कोणालाही आत सोडायचं नाही, एवढं एकच काम तिला आज दिलेलं होतं. पण समोर मैत्रिणीचा बाप, डोक्यावर पांढरे केस, दोन्ही हात जोडलेले. अशा माणसाला अडवायचं तरी कोणत्या तोंडानं? "या ना काका," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

आत फरशीवर निळं पाणी पसरलं होतं, त्यात बाटलीच्या काचा. भोवती पांढरे झगे घातलेले, तोंडं बांधलेले चार-पाच जण. आपली पोरगी यातली कोणती हे ग्यानबाला काही ओळखता येईना. मग आवाज आला आणि लगेच ओळखू आली.

"थांबा! हाय तिथंच थांबा! पाय खाली ठेवू नोका!"

ग्यानबा एका पायावर थांबला. तोल जायला लागला तसा त्यानं हात पुढं केला.

"भिंतीले हात नोका लावू!"

"मंग उभा कसा राहू वं माय?"

कोणीतरी फडक्याआड फस्सकन हसलं. "अगं, रंगाचं पाणी तर आहे."

"आज रंगाचं हाय," रत्नमाला म्हणाली. "उद्या रोग्याची थुंकी असल. बाबा, जसे आले तसेच मांगं सरका. अंजू, त्याईले नळावर ने. घोट्याच्या वरपर्यंत साबणानं धुवायला लाव."

झालं! अनसिंगात त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. वाशिमच्या प्रयोगशाळेत टीबीचे अन् कसकसल्या रोगांचे नमुने येतात; त्यातलं काही सांडलं-फुटलं तर आत कोण जाईल आणि कोण नाही, हे ठरवायला एक शिकलेलं माणूस लागतं. आज शेवटची परीक्षा, पास झाली की ते माणूस म्हणजे आपली रत्नमाला! एवढी फुशारकी मारून आलेला बाप ऐन परीक्षेत मधोमध जाऊन उभा राहिला. नळाखाली पाय चोळता चोळता ग्यानबाला स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

तो व्हरांड्यात आला तोवर रत्नमालानं सगळ्यांनाच बाहेर काढलं होतं. झगे उतरवून, हात धुऊन सगळे उभे होते. दार बंद, दारावर लाल पाटी, आणि पाटीसमोर ती. नागपूरहून आलेल्या परीक्षक बाईसुद्धा बाहेर बाकाशेजारी उभ्या. ग्यानबा त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "बाई, चूक माही हाय जी. पोरीले नापास नोका करू."

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "परीक्षा अजून चालूच आहे."

तेवढ्यात गाडी आली. प्रमाणपत्रं वाटायला बोलावलेले साहेब उतरले, मागं फोटोवाला. बूट वाजवत थेट दाराशी.

"आत जाता येणार नाई, साहेब."

"अगं, या खोलीचं उद्घाटन मी केलंय."

"हो साहेब. पण आत सांडलं हाय. अर्धा तास कोणीच जाणार नाई. मीबी नाई."

"सराव आहे ना हा?"

"परीक्षा हाय, साहेब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. अंजूनं तर डोळेच मिटून घेतले. सगळ्यांनी परीक्षक बाईंकडे पाहिलं. बाई मात्र आढ्याकडे बघत होत्या. रत्नमाला दारापासून तसूभर हलली नाही. ऊर फुटतो की काय असं ग्यानबाला झालं. बापा, ही आपली पोट्टी! काल-परवापर्यंत कुत्र्याला भिऊन आपल्या मागं लपायची!

साहेब क्षणभर घुटमळले. मग हसले, थोडं ओढूनताणून का होईना, आणि बाकाकडे आले. "कोणाची हो ही मुलगी?"

"माही हाय जी."

"तुम्हालाही अडवलं का?"

"पह्यलं मलेच!" ग्यानबा म्हणाला, जणू मोठा मान मिळाला होता.

"दारावरच्या मुलीनं काकांना आत सोडलं, त्याचे मार्क मी कापणारच," बाई मध्येच म्हणाल्या. "दार सांभाळायला कोण ठेवायचं हेही हिनंच ठरवलं होतं. पण पास आहे. चांगली पास आहे."

ग्यानबानं ऐकलं आणि डोळे पुसले. लपवून नाही, सगळ्यांसमोर, सदऱ्याच्या बाहीनं.

"आणि राग नाही आला?" साहेबांनी विचारलं. "पोटच्या पोरीनं चारचौघांत असं दारातून परतवून लावलं."

"साहेब, माह्या बापाले गावात लय दारायवर थांबवलं. जात पाहून थांबवत. लहानपणी मलेबी थांबवलं." ग्यानबानं बंद दाराकडे, दारासमोरच्या पोरीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. "पण तुमाले अन् मले संगंच बाहीर थांबवणारं दार आजच पाह्यलं."

तो सरकला आणि बाकावर आपल्याशेजारी जागा केली.

"बसा जी. पोरगी बोलावल तवाच जाऊ आपण."