पुढची भेट महिन्याने

मुलगी काट्यावरून उतरली. वजन पुन्हा घटलं होतं. दोन वर्षांत तिसऱ्यांदा.

डॉक्टरांनी आकडा नोंदवला. ते आहारविकारांचे तज्ज्ञ. जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलीला व्यक्तिमत्त्वविकारही होता, पण तो शेजारच्या खोलीचा विषय. तिथल्या समुपदेशक बाई तिच्या टोकाच्या भावनांवर, माणसं सोडून जातील या भयावर उपचार करत. डॉक्टरांच्या मते ते म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं होतं. भेटीचे वार वेगळे, फायलीही वेगळ्या.

"दोन खोल्या, दोन फायली आणि पोरगी एक. तीही निम्मी उरलीय," मुलीसोबत आलेली तिची मावशी म्हणाली. "एकदा एकत्र बसा की, डॉक्टर! कुणी तुमचं लग्न नाही लावत."

युक्तिवाद अशास्त्रीय होता, पण खोडता येईना. बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी वजनाच्या आलेखाखाली आपल्या नोंदी तारखेला तारीख जुळवून मांडल्या.

आलेख तीनदा चढला होता आणि तिन्ही वेळा ऐन चढावर कोसळला होता. त्या त्या आठवड्यात बाईंनी मुलीचं एकच वाक्य टिपलं होतं : 'आता मी कुणालाच नको आहे.'

"तेव्हा घरी काही घडलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी नाही," बाई हलकेच म्हणाल्या. "तुमचे शेरे वाचा, सर."

डॉक्टरांनी वाचले. प्रत्येक चढाच्या टोकाला त्यांचंच नेटकं अक्षर होतं : 'प्रगती समाधानकारक. पुढची भेट आठवड्याऐवजी महिन्याने.' हा त्यांचा नियमच होता. सुधारणाऱ्या रुग्णाला डॉक्टर कमी लागतो. तर्कात कुठेही चूक नव्हती.

मग डॉक्टरांनी भेटीचं कार्ड पुढे ओढलं, त्यावर वर्षभराचे सगळे सोमवार लिहिले, सही केली आणि पेन बाईंकडे सरकवलं.

"वजन वाढो की घटो," ते मुलीला म्हणाले, "सोमवारी आम्ही दोघंही इथे असू. एकाच खोलीत."

मुलीने कार्ड दोनदा वाचलं. सह्यांवरून बोट फिरवलं. मग खात्री करून घ्यावी तसं तिने विचारलं,

"म्हणजे आता मी जेवले तरी चालेल?"