मुठीतली माती

पेटी खड्ड्यात उतरली. एकेकाने पुढे होऊन मूठभर माती टाकली. राहेलबाईंची पाळी आली, तेव्हा त्यांची मूठ उघडेना.

पेटीत त्यांचा धाकटा दीर होता. काही वर्षांपूर्वी त्याने दारूच्या नशेत ट्रॅक्टर मागे घेतला आणि अंगणात खेळणारी राहेलबाईंची लेक चाकाखाली गेली. पुढे त्याने दारू सोडली, भर चर्चमध्ये पाप कबूल केलं. आजाराने खंगल्यावर तो काठी टेकत रोज त्यांच्या दाराशी यायचा. "वहिनी, एकदा म्हणा, माफ केलं." त्या कडी न काढताच आतून सांगायच्या, "देवाकडं माग." तो गेला त्या संध्याकाळीही दारावरची थाप त्यांना ऐकू आली होती.

"बाई, टाका की," धाकटी जाऊ रडत म्हणाली. "लोक थांबलेत."

पाळक जवळ आले. "राहेलबाई, ख्रिस्तानं त्याला पदरात घेतलंय. तो सुटला."

"ठाऊक आहे मला. माझी लेकही तिथंच आहे. तिनं तर त्याला बघताक्षणी माफ केलं असेल, लाडका काका तिचा." त्यांचा आवाज फाटला. "उद्या मी वर गेले आणि तिनं विचारलं, आई, काकाला का रडवलंस, तर काय सांगू?"

पाळकांनी खूण केली, फावडी चालू लागली. राहेलबाई काठावर वाकून "माफ केलं, माफ केलं" म्हणत राहिल्या. आधी हळू, मग मोठमोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा.