काचेवरच्या तीन बांगड्या

एकोणीसशे छप्पन साली आमच्या पडवीत सोमण मास्तर भाड्यानं राहायचे. शाळेत पोरांना शास्त्र शिकवायचे आणि घरी आले की मला. त्यांच्याकडे युरेनियमचा सुपारीएवढा काळा खडा होता, हाताला शिशासारखा जड.

“याच्या प्रत्येक अणूत गाभ्याभोवती ब्याण्णव इलेक्ट्रॉन असतात, नीराबाई. आणि कुणी हात न लावता तो गाभा आपोआप फुटतो.”

“म्हणजे आमच्या सासूबाईच की,” मी म्हणाले.

त्यातून निघणारे किरण कागदाच्या आरपार जातात, हे दाखवायला मास्तरांनी फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळली. वर माझ्या ट्रंकेची चावी आणि चावीवर खडा ठेवून डबा बंद केला. चावीची सावली काचेवर उमटणार होती.

त्याच दिवशी आमचे हे होडी घेऊन गेले. आठव्या दिवशी ते परतायचे होते. त्या दुपारी मास्तरांनी काच धुऊन उजेडात धरली.

चावी उमटली होती. तिच्याभोवती तीन बांगड्या होत्या.

“या कधी ठेवल्यात?” मास्तर हसले.

मधल्या बांगडीचा टवका उडालेला होता. कासारानं भरतानाच तो उडवला होता.

आम्ही कोळणी उजव्या हातातल्या बांगड्या लग्नात समुद्राला देतो, म्हणजे तो नवऱ्याला सांभाळतो. तो हात मग नवरा असेपर्यंत मोकळाच ठेवायचा. माझ्या या तीन अठरा वर्षांपूर्वी मीच पाण्यात सोडल्या होत्या.

तेवढ्यात जाऊबाई बंदरावरून धावत आल्या. “नीरे, सगळ्यांच्या होड्या लागल्या गो. तुमचीच तेवढी न्हाय...”

त्या दारातच कोसळल्या. त्यांना धरायला मी उजवा हात पुढे केला, आणि हातात किणकिण झाली.