माफीचा मुहूर्त

माफी मागून सरांच्या पदरात काय पडणार होतं, हेच तिला कळेना. लहानपणी पोहायला शिकवताना त्यांनी तिच्याशी नको ते केलं आणि पुढे इतकी वर्षं ‘पोरगी खोटारडी’ म्हणत फिरले. आईनेही तेच मानलं. आज मात्र हेच सर दारात हात जोडून उभे!

“ती खरं बोलत होती. मी चुकलो,” सर आईला म्हणाले.

“आजच कसं सुचलं?” तिने विचारलं.

“अगं, म्हातारा माणूस रडतोय,” आई म्हणाली. “सोड की आता!”

तिने आत जाऊन वकील मैत्रिणीला फोन लावला. “कबूल केलं गं त्यांनी, आईसमोर! आता तक्रार करतेच.”

“काल चाळिसावा वाढदिवस झाला ना तुझा? इथे मायदेशासारखं नाही; अशा तक्रारीची मुदत त्या दिवसापर्यंतच होती गं. आता खटला उभाच राहणार नाही.”

बाहेर सर आईला सांगत होते, “आता कसं हलकं वाटतंय.”

केलं त्यांनी, भरलं तिने.