धुराड्यावरचा डबा

त्र्याण्णवच्या दसऱ्यापर्यंत आजोबांची लॉरी चालू झाली नाही, तर भंगारात जाईल, असं बायकोनं बजावलं होतं. आमच्या कानडी शहरात शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातलं एकही इंजिन मला परवडेना. शेवटी माझी थोरली बहीण सकवारअक्काच म्हणाली, “माझं ने की रे, खंडू! तुझे दाजी गेल्यापासून गिरणी बंदच आहे.” तिच्या पिठाच्या गिरणीला लॉरीचंच इंजिन होतं. मी ते धुराड्यासकट लॉरीत बसवलं. धुराड्यावर दाजींनी पत्र्याचा डबा टांगलेला. तो ‘कुकुकुक’ वाजला की दळण सुरू झाल्याचं गल्लीला कळायचं. खंडेनवमीला चाकांखाली लिंबं चिरडून लॉरी निघाली, अक्का माझ्या शेजारी. डबा काढायचा राहूनच गेला. बसवनगुडीत तिच्या गल्लीत शिरलो, तर दारोदार बायका डबे घेऊन उभ्या! “स्वल्प बारीक दळा, अक्का,” म्हणत एकीनं नाचणीचा डबा खिडकीतून दिला. अक्कानं तो मांडीवर घेतला. “खंडू, मागे हौद्यात गिरणी बसेल ना?”